मेघसंगणनातील किल्ल्या आणि त्यांचा कार्यभार

(करजगी येथील भाषणाचा मजकूर)



करजगी हे कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातील होबळीचे गाव. गाणगापूरच्या दत्तक्षेत्रामुळे हा तालुका मराठी यात्रेकरूंच्या चांगला परिचयाचा आहे. पूर्वी हैदराबाद राज्यात असलेला हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी तत्कालीन म्हैसूर राज्यात आला आणि सीमेची रेषा नकाशावर पक्की झाली. परंतु सोयरीक, बाजारहाट आणि शेतीवाडी या गोष्टी रेषेला फारशा जुमानीत नाहीत. ज्या कुटुंबाची थोडी जमीन अलीकडे आणि थोडी पलीकडे अक्कलकोट तालुक्यात आहे, त्यास दोन भाषांतील दोन उतारे सांभाळावे लागतात. अलीकडच्या जमिनीची पहाणी आणि पलीकडच्या जमिनीचा सातबारा. पीककर्ज असो, वाटणी असो वा नुकसानभरपाई असो, या कागदावाचून शेतकऱ्याचे पाऊल पुढे पडत नाही.

हे दोन्ही उतारे आज हाताने लिहिले जात नाहीत. कर्नाटकात पूर्वी सुमारे ९,००० ग्रामलेखापाल आपापल्या तीन-चार गावांचे दप्तर बाळगून असत. एखादी नोंद कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली याचा उलगडा त्या दप्तरावाचून होत नसे, आणि दप्तर तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच कपाटात! 'भूमी' योजनेखाली सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढविण्यात आले. ते सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे होते. २००२ पर्यंत हे काम राज्यातील तालुका कचेऱ्यांतून पूर्णपणे सुरू झाले आणि हस्तलिखित उताऱ्याची मान्यता संपली. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांस मिळू लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेस मोठा पूर आला आणि अफजलपूर तालुक्यातील अनेक गावांत पाणी शिरले. घरातील धान्य, कपडे, पेटीतील कागद भिजले; परंतु जमिनीची मूळ नोंद गावात नव्हतीच. ती दूरच्या संगणकगृहात कोरडी होती.

पाण्यास तेथे पोहोचता येत नाही हे खरे. मात्र ज्याच्या हाती किल्ली आहे, त्यास तेथे कोठूनही पोहोचता येते. प्रस्तुत विषय या किल्लीचा आहे.

दूरच्या मोठ्या संगणकगृहातील जागा आणि यंत्रशक्ती जरुरीप्रमाणे भाड्याने घेऊन वापरण्याच्या व्यवस्थेस मेघसंगणन, अर्थात क्लाउड, असे नाव आहे. शासकीय कामासाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने २०१४ साली 'मेघराज' या नावाने अशी राष्ट्रीय सेवा सुरू केली. खाजगी कंपन्यांपैकी ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईस आणि २०२२ मध्ये हैदराबादेस आपली संगणकगृहे या सेवेसाठी खुली केली. मोठ्या खात्यांनाच याचे प्रयोजन आहे असे नव्हे. सहकारी संस्था, शाळा, बाजार समिती, इतकेच काय एखादे छोटे ग्रंथालयदेखील आज आपला हिशेब आणि कागदांच्या प्रती अशा ठिकाणी ठेवू शकते. जागा भाड्याची असली तरी कुलूप कसे लावावे आणि किल्ली कोणास द्यावी, हे मात्र भाडेकरूनेच ठरवावयाचे असते. सेवा देणारी कंपनी इमारतीच्या भिंती राखते. भाडेकरूच्या खोलीची किल्ली त्याने उंबऱ्यावर विसरली, तर तिची जबाबदारी कंपनी घेत नाही.

किल्ल्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतील भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. पहिली माणसाची. 'भूमी' योजनेत तालुका कचेरीतील संगणकावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास बोटाचा ठसा देऊन आत शिरावे लागे, आणि कोणी कोणती नोंद केली हे यंत्रात लिहिले जाई. यामागील विचार मोठा व्यवहारी होता. सांकेतिक शब्द दुसऱ्यास सांगता येतो आणि मागाहून "ते मी केले नाही" असेही म्हणता येते. बोट काही उसने देता येत नाही. महाराष्ट्रातील तलाठ्याची डिजिटल स्वाक्षरी एका लहानशा उपकरणात बंदिस्त असते आणि त्यास स्वतंत्र गुप्त अंक लागतो. हे उपकरण दिवसभर संगणकास लावूनच ठेवले आणि गुप्त अंक भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहिला, तर व्यवस्थेचा अर्थच नाहीसा होतो, ही गोष्ट वेगळी.

दुसरी किल्ली यंत्राची. रात्री दोन वाजता दिवसभराच्या नोंदींची प्रत दूरच्या संगणकगृहात पाठवावयाची असते, तेव्हा कचेरीत अंगठा लावावयास कोणी बसलेले नसते. ते काम आज्ञावली, म्हणजे संगणकास नेमून दिलेला कार्यक्रम, आपण होऊन करते. तिलाही आत प्रवेश हवा, म्हणून तिला अक्षरे आणि अंक यांची बनलेली एक किल्ली दिली जाते. तीस 'ॲक्सेस की' म्हणतात. या किल्लीस चेहरा नाही. जो ती दाखवील तो तिचा धनी, एवढेच यंत्रास ठाऊक!

ॲमेझॉनच्या सेवेतील किल्लीचे उदाहरण घेतल्यास रचना स्पष्ट होईल. तिचे दोन भाग असतात. वीस अक्षरांचा पहिला भाग हे तिचे नाव; तो नोंदवहीत लिहिण्यास हरकत नाही. चाळीस अक्षरांचा दुसरा भाग गुप्त. किल्ली निर्माण होते त्या वेळी एकदाच तो पडद्यावर दिसतो. नंतर कंपनीस कितीही अर्ज केले तरी तो पुन्हा मिळत नाही. हरवला तर ती किल्ली रद्द करून नवी करावी लागते. विशेष हे की काम करताना हा गुप्त भाग तारेवरून पाठविला जातच नाही. त्याच्या साह्याने प्रत्येक मागणीवर एक ठसा उमटविला जातो आणि पलीकडील यंत्र तो ठसा पडताळून पाहते. जुन्या काळी मोहोर पेटीत राही आणि पत्राबरोबर केवळ तिचा छाप जाई, तशातलाच हा प्रकार. तेव्हा वाटेत कोणी पत्र फोडील ही भीती थोडी. पेटीतून मोहोरच उचलली जाईल, ही भीती खरी.

आणि ती उचलली जाते कोठून? बहुधा चोराच्या चातुर्यामुळे नव्हे, तर धन्याच्या सोयीमुळे. समजा, एका दूध उत्पादक संस्थेने सभासदांचे रोजचे दूध, त्यातील स्निग्धांश, दर दहा दिवसांची देणी आणि बँकखात्यांचे क्रमांक मेघसंगणनात ठेवण्याचे ठरविले. शहरातील एका कंत्राटदाराने आज्ञावली तयार करून दिली. त्याच्याकडील तरुण कारागिराने घाईत किल्ली आज्ञावलीच्या मजकुरातच लिहून टाकली. स्वतंत्र सुरक्षित जागी ठेवावयाची ती गोष्ट कामाच्या कागदावरच राहिली. पुढे त्या मजकुराची प्रत कारागिराच्या घरच्या संगणकात गेली, एक प्रत मित्रास नमुना म्हणून गेली, एक सार्वजनिक संकेतस्थळावर चढली. वर्षभराने तो कारागीर दुसऱ्या नोकरीस गेला. संस्थेच्या सचिवास या किल्लीचे अस्तित्वच माहीत नाही, कारण काम व्यवस्थित चालले आहे. दाराचे कुलूप शाबूत, हिशेब बरोबर, आणि किल्लीच्या तीन प्रती बाहेर फिरत आहेत.

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्याचे मोठे रूप जगाने पाहिले आहे. उबर या प्रवासी वाहतूक कंपनीच्या कारागिरांनी आपला आज्ञावलीचा मजकूर गिटहब या ठिकाणी ठेवला होता. २०१६ साली हल्लेखोर तेथे शिरले आणि त्यांना त्यात मेघसंगणनाची किल्ली आयतीच सापडली. तिच्या साह्याने सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांनी उचलली. कंपनीने त्यांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण झाकले. ते उजेडात आले नोव्हेंबर २०१७ मध्ये. कंपनीच्या तत्कालीन सुरक्षाप्रमुखास २०२२ साली अमेरिकेतील न्यायालयात दोषी ठरविण्यात आले, तेही किल्ली हरवल्याबद्दल नव्हे, तर ती गोष्ट चौकशी करणाऱ्यांपासून दडविल्याबद्दल.

सार्वजनिक ठिकाणी चुकून चढलेली किल्ली किती वेळात हुडकली जाते, हे ऐकून सामान्य माणूस थक्क होईल. अशा किल्ल्या शोधणाऱ्या आज्ञावल्या अहोरात्र फिरत असतात; काही मिनिटांत त्या किल्लीचा वापर सुरू होतो. बरे, चूक ध्यानात येताच ती ओळ खोडली तरी भागत नाही, कारण मजकुराचा जुना इतिहास त्या ठिकाणी तसाच जपलेला असतो. पुष्कळदा चोरास सभासदांच्या दुधाच्या हिशेबाशी कर्तव्यही नसते. तो संस्थेच्या खर्चाने शेकडो यंत्रे भाड्याने घेऊन आभासी चलन मिळविण्याच्या कामास जुंपतो, आणि महिनाअखेरीस संस्थेच्या हाती आवाक्याबाहेरचे बिल पडते.

यावर उपाय कोणते, हा प्रश्न आता येतो. त्यासाठी फार लांब जावयास नको. कोषागाराच्या भक्कम खोलीस दुहेरी कुलूप असते, एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे आणि दुसरी दुसऱ्याकडे. एकट्याने कोणासही दार उघडता येत नाही. जादा किल्ल्या मोहोरबंद करून अन्यत्र ठेवल्या जातात आणि बदलीच्या वेळी येणारा अधिकारी मोजदाद करूनच सही करतो. मेघसंगणनाच्या खात्याचा जो मूळ धनी असतो, म्हणजे ज्या पत्त्यावर खाते प्रथम उघडले गेले तो वापरकर्ता, त्याचा अधिकार सर्वांत मोठा. त्याच्या नावे यंत्राची किल्ली मुळीच काढू नये. असल्यास रद्द करावी. त्याचा सांकेतिक शब्द एका अधिकाऱ्याकडे आणि दुसऱ्या पायरीचे अंक दाखविणारे उपकरण दुसऱ्याकडे, अशी वाटणी केली की कोषागाराचे दुहेरी कुलूप येथेही लागू होते. तसेच तो पत्ता कोणा व्यक्तीचा खाजगी नसावा. मुख्याध्यापकांची बदली झाली आणि शाळेच्या खात्याचे अंक त्यांच्याच भ्रमणध्वनीवर जात राहिले, मग नवीन मुख्याध्यापक रोज सकाळी जुन्यांना फोन करीत आहेत, हा देखावा शिक्षकवर्गास नवा नसावा.

रोजच्या कामासाठी प्रत्येक माणसास आणि प्रत्येक आज्ञावलीस वेगळे नाव आणि वेगळी किल्ली द्यावी. पाच जणांत एक किल्ली वापरली, तर नोंदवहीत पाचही जणांचे काम एकाच नावावर पडते, आणि 'भूमी'ने बोटाच्या ठशाने जे साधले ते येथे हातचे जाते. किल्लीस अधिकार द्यावयाचा तो कामापुरता. मुखत्यारपत्र करून देताना शहाणा शेतकरी "अमुक गट नंबरची मोजणी करून घेण्यापुरते" असे लिहून देतो. सर्वाधिकार लिहून देणाऱ्याची काय गत होते, हे तालुक्याच्या न्यायालयात बसणाऱ्यांस ठाऊक आहे. दूध संस्थेच्या रात्रीच्या कामास केवळ एका ठरावीक कप्प्यात प्रत ठेवण्याचा अधिकार पुरे. वाचण्याचा नको, पुसण्याचा तर नकोच नको. अशी किल्ली चोराच्या हाती गेली, तरी त्यास फार तर कप्प्यात कचरा टाकता येईल. सभासदांचे बँकक्रमांक वाचता येणार नाहीत.

किल्ली बदलण्याची रीत थोड्या विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण येथेच लोक कचरतात. "चालते आहे ते कशास हलवा" हा कचेऱ्यांचा जुना स्वभाव. परंतु यंत्राची सोय करणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. ॲमेझॉनच्या सेवेत एका वापरकर्त्यास एका वेळी दोन किल्ल्या ठेवता येतात, त्या याचसाठी. जुनी चालू असतानाच दुसरी काढावी, आज्ञावलीत नवी बसवावी, काम सुरळीत होते याची खात्री करावी, नंतर जुनी निष्क्रिय करावी आणि काही काळ थांबून मगच ती कायमची काढून टाकावी. निष्क्रिय करणे म्हणजे नळ बंद करणे, काढून टाकणे म्हणजे नळच उपटणे. कोठे काही अडले, तर बंद नळ पुन्हा सोडता येतो.

किती काळ थांबावे? प्रत्येक किल्ली शेवटची केव्हा वापरली गेली, हे यंत्र सांगते आणि तीन महिने न वापरलेली किल्ली निरुपयोगी समजण्याकडे कल असतो. शहरातील कारखान्यास हे ठीक. गावची कामे ऋतूंवर चालतात. पीकविम्याची माहिती वर्षातून एका हंगामातच जाते, वार्षिक ताळेबंद ३१ मार्चनंतरच तयार होतो. अकरा महिने झोपलेली किल्ली निकामी म्हणून टाकून द्यावी आणि बाराव्या महिन्यात शेतकऱ्यांची यादी वेळेत न जावी, असे होता कामा नये. म्हणूनच यंत्रावरील तारखेइतकीच कागदावरील नोंद महत्त्वाची. ही किल्ली कोणत्या कामाची, हे ज्यास ठाऊक नाही त्यास ती ठेवावी की मोडावी हेही ठरविता येणार नाही. दर ९० दिवसांनी किल्ली बदलावी असा एक प्रचलित दंडक आहे. नव्वदच का, ऐंशी का नाही, असा वाद घालता येईल; पण त्या दंडकाचा खरा लाभ निराळाच आहे. किल्ली बदलावयाची म्हटले की ती कोठकोठे वापरली आहे याचा शोध घेणे भाग पडते, आणि विसरलेल्या जागा त्या शोधातच सापडतात.

आणखी एक मार्ग अधिक चांगला आहे, तो म्हणजे कायमची किल्ली न देणे. आज्ञावली त्याच संगणकगृहात चालत असेल, तर तिला कामाच्या वेळी तात्पुरता परवाना देता येतो. तो घटका-दोन घटकांत वा काही तासांत आपोआप संपतो. बस आगारातील पासाची मुदत संपली की तो कागदाचा तुकडा होतो, तसे हे. नवीन काम सुरू करणाऱ्यांनी कंत्राटदारास प्रथम हाच प्रश्न विचारावा की कायमच्या किल्लीवाचून भागते काय. अनेकदा भागते, कंत्राटदारास सवय नसते इतकेच.

इतके करूनही किल्ली फुटली असा संशय आला, तर काय करावे? प्रथम ती निष्क्रिय करावी. दोष कोणाचा याची चर्चा मागाहून करता येईल. ती चर्चा चालू असताना किल्लीही चालू असते. परंतु तेवढ्याने काम संपले असे समजू नये. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या परदेशी कंपनीच्या मेघसंगणन खात्यात एक खंडणीखोर शिरला. कंपनीने सांकेतिक शब्द बदलण्यास सुरुवात केली. पण त्याने आधीच स्वतःसाठी दुसऱ्या वाटा करून ठेवल्या होत्या. कंपनीची हालचाल दिसताच त्याने माहिती पुसण्यास आरंभ केला. बहुतेक माहिती गेली आणि तिच्या राखीव प्रतीही गेल्या, कारण त्या त्याच खात्यात होत्या! काही तासांत कंपनीचा व्यवसाय बुडाला. म्हणून फुटलेल्या किल्लीने कोणते नवे वापरकर्ते निर्माण केले, कोणत्या नव्या किल्ल्या काढल्या, हे नोंदवहीवरून तपासणे अगत्याचे, आणि राखीव प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या किल्लीखाली ठेवणे त्याहून अगत्याचे.

येथे एक बारीक अडचण आहे. ॲमेझॉनच्या सेवेत खात्यातील घडामोडींची नोंद आपोआप ९० दिवसांपर्यंतच पाहावयास मिळते. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार मात्र नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत, आणि संगणकीय घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावयाची आहे. हे निर्देश शासकीय संस्थांना आणि कंपन्यांनाही लागू आहेत. तेव्हा उरलेल्या ९० दिवसांची सोय खातेदारास स्वतः करून ठेवावी लागते. घटना घडल्यावर ती करता येत नाही. दुसऱ्याचा सांकेतिक शब्द वा ओळखचिन्ह लबाडीने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण गुन्हा कोणी केला हे दाखवावयास नोंदवहीच नसेल, तर कलमाचा उपयोग तो काय?

राहता राहिला कार्यभाराचा प्रश्न. बदली झाली की कार्यभाराची यादी तयार होते. तीत कपाटे येतात, खुर्च्या येतात, शिक्के येतात, मोडका पंखादेखील येतो. मेघसंगणनातील किल्ल्यांची ओळ त्या यादीत सहसा नसते, कारण त्या डोळ्यांस दिसत नाहीत. या यादीस एक पान जोडावे. किल्लीचे वीस अक्षरी नाव (गुप्त भाग कदापि नव्हे), ती कोणत्या कामाची, कोणाच्या ताब्यात, केव्हा काढली, शेवटची केव्हा बदलली, वर्षातून कोणत्या महिन्यांत लागते आणि रद्द केली असल्यास त्याची तारीख, एवढे रकाने पुरेत. जाणाऱ्या माणसाच्या नावावरील किल्ल्या त्याच दिवशी निष्क्रिय कराव्यात, तो कितीही विश्वासू असला तरी. त्याच्या नावावर उद्या दुसऱ्याने काही केले, तर त्याचे उत्तर देण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये म्हणून. कंत्राटदाराचे अखेरचे देयक मंजूर करण्यापूर्वीही हे पान पुढ्यात घ्यावे. आणि त्या पानाखाली दोन सह्या असाव्यात, सोपविणाऱ्याची आणि मोजून घेणाऱ्याची.